थकव्यावर चढवलेली बाटली

इंदूरच्या सियागंजात कामाच्या वेळी नुसतं चालायचं म्हटलं तरी अंग चोरून चालावं लागतं. रेल्वे स्टेशनाजवळचा हा किराण्याचा घाऊक बाजार. साखर, चहा, साबुदाणा, मसाले, सुकामेवा यांची पोती आणि खोकी दिवसभर इकडून तिकडे हलत असतात. पाठीवर पोतं घेतलेले हम्माल, त्यांच्यामागे हातगाड्या, आणि दुकानात गादीवर बसून फोनवर भाव ठरवणारे शेठ. हम्मालाचं अंग संध्याकाळी ठणकतं. शेठच्या पायाला मुंग्या येतात; साखरेचा आजार जुना आहे आणि दिवसभर उठणं होत नाही. दोघांची मिळकत, राहणी, जेवण सगळं वेगळं. पण दवाखान्यात पाऊल टाकल्यावर दोघांची मागणी एकच असू शकते. ‘डॉक्टर साब, एक बोतल चढ़ा दो.’

हे चित्र एकट्या इंदूरचं नाही. पुण्याच्या उपनगरात, नाशिकच्या बाजारपेठेत, विदर्भाच्या तालुक्यांत ‘ताकदीचं सलाईन’ लावून घेणारी माणसं प्रत्येकाच्या ओळखीची असतात. लोखंडी पलंग, बाजूला स्टँड, त्यावर उलटी टांगलेली अर्धा लिटरची बाटली. नर्स जीवनसत्त्वांची कुपी फोडते, सिरिंजमध्ये ओढून बाटलीत सोडते आणि पाण्यासारखं स्वच्छ सलाईन बघता बघता पिवळं होतं. मनगटाजवळची शीर सापडते, सुई बसते, चिकटपट्टी लागते, थेंब सुरू होतात. पाऊण-एक तास माणूस निवांत पडून राहतो. घरी जाताना ‘बरं वाटतंय’ असं तो मनापासून सांगतो.

आता याच बाटलीला नवं रूप मिळालं आहे. मोठ्या शहरांच्या चकचकीत दालनांत आरामखुर्ची, मंद दिवे आणि ‘आयव्ही थेरपी’ची यादी असते: थकव्यासाठी एक, त्वचेसाठी दुसरी, प्रतिकारशक्तीसाठी तिसरी. दीर्घ आजाराने पिचलेल्या माणसाला, सांधेदुखी, मायग्रेन, फायब्रोमायल्जिया (सर्वांगाचं जुनाट दुखणं), कोविडनंतरचा न हटणारा थकवा असलेल्याला, तिथे आशा दाखवली जाते. गल्लीतल्या दवाखान्यातली पिवळी बाटली आणि दालनातलं ‘कॉकटेल’ यांत दराचा फरक प्रचंड असला, तरी औषधशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही एकाच घरातली आहेत.

या ‘कॉकटेल’चा इतिहास सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जॉन मायर्स नावाचे डॉक्टर आपल्या रुग्णांना शिरेतून जीवनसत्त्वं आणि खनिजं देत असत. १९८४ मध्ये ते गेले. त्यांचे काही रुग्ण अॅलन गॅबी या डॉक्टरांकडे आले आणि ‘आम्हाला तेच इंजेक्शन द्या’ म्हणू लागले. मायर्स नेमक्या कोणत्या मात्रा वापरत, हे गॅबींना पूर्ण ठाऊक नव्हतं. त्यांनी मॅग्नेशियम, कॅल्शियम, ‘ब’ गटातली जीवनसत्त्वं आणि ‘क’ जीवनसत्त्व यांचं स्वतःचं मिश्रण बेतलं आणि २००२ मध्ये त्यावर लेख लिहिला. दमा, मायग्रेन, थकवा, फायब्रोमायल्जिया, सर्दी अशा बऱ्याच तक्रारींवर सुमारे पंधरा हजार इंजेक्शनं दिल्याचा आणि पुष्कळांना गुण आल्याचा अनुभव त्यांनी मांडला. आज जगभर ‘मायर्स कॉकटेल’ म्हणून जे विकलं जातं, त्याचा मुख्य आधार हाच. एका डॉक्टरचा प्रामाणिक अनुभव म्हणून त्याला किंमत आहे. पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आणि तुलना नसेल तर गुण औषधाचा, काळाचा की विश्रांतीचा, हे कोणी सांगू शकत नाही.

ती तुलना पुढे येल विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी केली आणि २००९ मध्ये प्रसिद्ध केली. फायब्रोमायल्जियाच्या ३४ रुग्णांना आठ आठवडे, दर आठवड्याला एकदा, शिरेतून द्रव दिला गेला. काहींना मायर्स मिश्रण, काहींना नुसतं रिंगर लॅक्टेट, म्हणजे आपल्या दवाखान्यांत ज्याला ‘आरएल’ म्हणतात ते. कोणाला काय मिळतंय हे रुग्णांना माहीत नव्हतं. आठ आठवड्यांनी मिश्रण घेणाऱ्यांच्या वेदना कमी झाल्या होत्या, मनःस्थिती सुधारली होती. आरएल घेणाऱ्यांतही काही सुधारणा दिसली होती. दोन गटांत संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल असा फरक सापडला नाही. अभ्यास लहान होता, त्यावरून शेवटचा निकाल देता येणार नाही. तरी ज्या उपचारासाठी माणसं खिसा रिकामा करतात, त्याच्या बाजूचा पुरावा इतकाच पातळ आहे, हे रुग्णाला सांगणं डॉक्टरचं कर्तव्य आहे.

बरं वाटलं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, हेही तितक्याच आग्रहाने सांगायला हवं. सुईचा परिणाम गोळीहून मोठा वाटतो, हे वैद्यकाला ठाऊक आहे. गुडघेदुखीवरच्या अनेक चाचण्यांचा एकत्र अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात औषध नसलेल्या गोळीपेक्षा औषध नसलेल्या इंजेक्शनाने अधिक आराम पडल्याचं दिसलं. त्यात भर म्हणून दवाखान्यातला तो तास. हम्मालाला दिवसभरात आडवं व्हायला मिळालेली ती पहिली वेळ असते. उन्हात घाम गाळून पाणी कमी प्यायलेल्या शरीराला अर्धा लिटर द्रव मिळतो. कोणीतरी नाडी बघतं, ‘कसं वाटतंय?’ विचारतं. आराम खरा असतो. तो जीवनसत्त्वांमुळे आला, हा निष्कर्ष तेवढा खरा नसतो.

आता बाटलीत काय असतं ते पाहू. नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलीलिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. म्हणजे एका बाटलीत जवळपास दिवसाचा वाटा आला. ‘डीएनएस’ असेल तर तेवढ्याच मिठासोबत २५ ग्रॅम ग्लुकोजही. ‘ताकद’ म्हणून पाहायचं तर ते शंभराहून कमी कॅलरी देतं, इंदुरी पोह्यांच्या एका प्लेटइतकीही नाही. निरोगी तरुण हे सहज पचवतो. पण दीर्घ आजारी माणूस निरोगी तरुण नसतो. हृदय कमजोर असलेल्याला हे मीठ-पाणी फुप्फुसात साचून धाप लावू शकतं. मूत्रपिंड थकलेल्याला जास्तीचं पाणी आणि पोटॅशियम, मॅग्नेशियमसारखी खनिजं बाहेर टाकता येत नाहीत. मधुमेह्याला डीएनएस लावणं म्हणजे त्याच्या रक्तात थेट साखर ओतणं. ज्याला ‘काही होत नाही, व्हिटॅमिनच तर आहे’ असं सांगून बाटली लावली जाते, तोच पुष्कळदा तिच्यामुळे अडचणीत येऊ शकतो.

‘क’ जीवनसत्त्वाची गोष्ट आणखी गंभीर. लिनस पॉलिंग हे दोन नोबेल पारितोषिकं मिळवलेले शास्त्रज्ञ. स्कॉटलंडमधले डॉक्टर युवान कॅमेरॉन यांच्यासोबत त्यांनी १९७६ मध्ये मांडलं की मोठ्या मात्रेत ‘क’ जीवनसत्त्व दिलेले कर्करोगाचे रुग्ण जास्त जगले. मेयो क्लिनिकने १९७९ आणि १९८५ मध्ये चाचण्या प्रसिद्ध केल्या. फायदा दिसला नाही. पॉलिंगच्या समर्थकांचा आक्षेप होता की मेयोने औषध तोंडाने दिलं. त्या आक्षेपात तथ्य होतं: शिरेतून दिलेल्या ‘क’ जीवनसत्त्वाची रक्तातली पातळी गोळीने गाठता येत नाही इतकी वर जाते, हे नंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधनाने दाखवलं. म्हणून या विषयावर संशोधन चालू राहिलं, आणि ते राहायलाही हवं. मात्र रक्तातली पातळी वाढणं आणि रुग्ण बरा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागलेल्या रुग्णांवर ‘लोव्हिट’ नावाची मोठी चाचणी झाली. अतिदक्षता विभागातले आठशेहून अधिक रुग्ण, आशा मोठी. २०२२ मध्ये निकाल आला तो उलटा. अठ्ठावीस दिवसांत मृत्यू किंवा अवयव निकामी राहणं हे ‘क’ जीवनसत्त्व घेतलेल्यांत ४४.५ टक्के होतं, न घेतलेल्यांत ३८.५ टक्के. निरुपद्रवी समजलं जाणारं जीवनसत्त्व त्या रुग्णांना त्रासदायक ठरलं असण्याची शक्यता या आकड्यांत आहे.

मोठ्या मात्रेतल्या ‘क’ जीवनसत्त्वाचे आणखी काही धोके डॉक्टरांना चांगले माहीत आहेत, रुग्णाला क्वचितच सांगितले जातात. शरीरात त्याचं ऑक्झलेट बनतं आणि ते मूत्रपिंडात साचू शकतं. ज्यांचं मूत्रपिंड आधीच दुबळं, त्यांना डायलिसिसची वेळ आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ‘जी-सिक्स-पीडी’ या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांत मोठ्या मात्रेने तांबड्या पेशी भराभर फुटतात. ही कमतरता भारतात, विशेषतः अनेक आदिवासी समाजांत, दुर्मीळ नाही. इंदूरच्या बाजारात कामाला येणारे पुष्कळ मजूर झाबुआ, धार, अलीराजपूर या आदिवासी पट्ट्यातले असतात. आणि मधुमेह्यांसाठी एक खास गोष्ट: शिरेतून भरपूर ‘क’ जीवनसत्त्व घेतल्यावर घरगुती ग्लुकोमीटरपैकी बरेच चुकीचा, वाढलेला आकडा दाखवतात. तो आकडा खरा मानून इन्सुलिन वाढवलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. बोटाला सुई टोचून इमानेइतबारे साखर तपासणारा माणूस त्या तपासणीनेच फसतो.

इतकं वाचून कोणी म्हणेल, मग आपल्याकडे जीवनसत्त्वांची कमतरता नाहीच का? आहे, आणि भरपूर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मराठी घरांनी जपून ठेवावा असा आहे. पुणे परिसरातल्या खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले ४४१ मध्यमवयीन पुरुष त्यांनी तपासले. ६७ टक्के पुरुषांत बी-ट्वेल्व्ह कमी निघालं, आणि सर्वांत जास्त कमतरता खाऊनपिऊन सुखी अशा शहरी मध्यमवर्गात, ८१ टक्के. शाकाहाराशी तिचा थेट संबंध होता. माळव्यातल्या व्यापारी घरांचं ताट बहुतांशी शाकाहारी. त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-ट्वेल्व्ह आणखी घसरतं. सियागंजातल्या शेठच्या पायाच्या मुंग्या साखरेमुळे असतील, बी-ट्वेल्व्हच्या अभावामुळे असतील, दोन्हींमुळेही असतील. रक्त तपासल्याशिवाय हे कळत नाही, आणि बाटली लावल्याने ते कळत नाहीच. उलट दोन दिवसांनी केलेली तपासणी दिशाभूल करू शकते.

आणि उपाय? याच पुणेकर संशोधकांनी नंतर दाखवलं की बी-ट्वेल्व्ह रोज २ मायक्रोग्रॅम इतक्या छोट्या मात्रेत, तोंडाने, वर्षभर दिलं तरी रक्तातली पातळी सुधारते. कमतरता तीव्र असेल, मज्जातंतूंवर परिणाम दिसत असेल, तर डॉक्टर सुरुवातीला इंजेक्शनं देतात आणि ती द्यायलाच हवीत. तीही दंडात किंवा कमरेत, त्यासाठी अर्धा लिटर सलाईनची गरज नसते. बाकी बहुतेकांना गोळी पुरते. ‘ड’ जीवनसत्त्वाचंही तसंच. शरीराला ज्याची गरज नाही ते पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व मूत्रपिंड बाहेर टाकतं. बाटलीनंतर लघवी पिवळीधमक होते ती त्यातल्या रायबोफ्लेविन या ‘ब’ गटातल्या जीवनसत्त्वामुळे. पैशांचा काही भाग कुठे गेला, ते तिथेच दिसतं.

शिरेतून देण्याला विरोध करण्याचा प्रश्नच नाही. आतड्याचा मोठा भाग काढलेल्या माणसाला पोषण शिरेतूनच द्यावं लागतं. दारूच्या व्यसनात मेंदूवर आघात झालेल्याला थायमिन हे ‘ब’ गटातलं जीवनसत्त्व शिरेतून ताबडतोब दिलं नाही तर स्मृती कायमची जाऊ शकते. दम्याच्या तीव्र झटक्यात मॅग्नेशियम शिरेतून देतात आणि त्याला पुरावा आहे. बाळंतपण जवळ आलेल्या, खूप अॅनिमिया असलेल्या बाईला शिरेतून लोह दिलं तर जीव वाचू शकतो. योग्य जागी वापरलेल्या सुईचं उत्तम उदाहरण तर महाराष्ट्राने जगाला दिलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायची आणि त्यांच्या जंतुसंसर्गावर जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायची सोय केली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. ती सुई ठरलेल्या रोगावर, ठरलेल्या मात्रेत, नोंद ठेवून दिली जात होती. थकवा म्हटला की लावलेल्या पिवळ्या बाटलीत यातलं काहीच नसतं.

इंजेक्शनावरच्या श्रद्धेची किंमत इंदूरने फार जवळून पाहिली आहे. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये कोविडवरच्या रेमडेसिव्हिर इंजेक्शनासाठी लोक रात्रंदिवस वणवण करत होते. एम.वाय. रुग्णालय आणि रवींद्रनाथ टागोर मार्गावरचा दवा बाजार सियागंजापासून फार लांब नाहीत. त्या दिवसांत कुपीसाठी कोणी दागिने मोडले, कोणी उधारी केली. जागतिक आरोग्य संघटनेने त्याआधीच, नोव्हेंबर २०२० मध्ये, या औषधाची शिफारस करता येत नाही असं सांगितलं होतं. मग गुजरात पोलिसांनी सुरतजवळ बनावट कुप्यांचा धंदा उघडकीला आणला. त्यांत ग्लुकोज आणि मीठ भरलं होतं, आणि तो माल इंदूर-जबलपूरपर्यंत पोहोचला होता. ज्यांचं माणूस गेलं, त्यांच्या मनातला प्रश्न आजही सुटलेला नाही. रोग काय, औषधाने नक्की काय होणार, हे विचारायची सवय मोडून ‘सुई मिळाली पाहिजे’ एवढीच इच्छा उरली, की फसवणाऱ्याला रान मोकळं होतं.

मग सुईचा प्रश्न. भारतात दरवर्षी सुमारे ३०० कोटी इंजेक्शनं दिली जातात आणि त्यांतली जवळपास ६३ टक्के असुरक्षित पद्धतीने, असा अंदाज २००० च्या दशकात झालेल्या देशव्यापी पाहणीत निघाला. एकदाच वापरायच्या सिरिंज आता सर्रास मिळतात, परिस्थिती काही प्रमाणात सुधारली आहे. पण २००९ मध्ये गुजरातेतल्या मोडासा भागात हेपॅटायटिस-बीच्या साथीने डझनावारी बळी घेतले आणि संशय पुन्हा वापरलेल्या सुयांवर गेला. २०१८ च्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊ इथे चाळीसहून अधिक लोकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं उघड झालं. स्वस्तात इंजेक्शन देत फिरणाऱ्या एका झोलाछाप, म्हणजे बोगस, डॉक्टरवर तीच सुई पुन्हा पुन्हा वापरल्याचा आरोप झाला. ही माणसं मरणाच्या दारात नव्हती. खोकला, ताप, अंगदुखी घेऊन गेली होती. गोळीने भागलं असतं.

खुद्द मध्य प्रदेशाबद्दलची एक पाहणी अस्वस्थ करणारी आहे. जिष्णु दास आणि सहकाऱ्यांनी प्रशिक्षित ‘रुग्ण’ दवाखान्यांत पाठवून उपचारांचा दर्जा मोजला. अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रामीण मध्य प्रदेशात पाहणीतल्या ६७ टक्के उपचारकांकडे कोणतीच वैद्यकीय पदवी नव्हती. आणि ज्यांच्याकडे शिक्षण होतं, त्यांची तपासणीही फारशी सरस नव्हती. अचूक निदान क्वचित, चुकीचा उपचार सरसकट. म्हणजे केवळ बोगस डॉक्टरांवर धाड घालून हा प्रश्न सुटत नाही. भिंतीवर खरी पदवी टांगलेल्या दवाखान्यातही पिवळी बाटली तितक्याच सहज लागते.

महाराष्ट्रात याविरुद्ध बोलणारे डॉक्टर पूर्वीपासून आहेत. लोकविज्ञान संघटनेचे डॉ. अनंत फडके यांनी अनावश्यक इंजेक्शनं आणि सलाईन यांबद्दल लोकांना शहाणं करायचं काम वर्षानुवर्षं केलं. सातारा जिल्ह्यातल्या औषधवापराच्या अभ्यासावर आधारलेलं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९९८ मध्ये आलं. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ल यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून २०१६ मध्ये ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ लिहिलं, त्यात खाजगी वैद्यकातला पैशाचा दबाव डॉक्टरांच्याच तोंडून आला. पंधरा मिनिटं रुग्णाशी बोलून, झोप, जेवण, कामाचे तास विचारून, ‘तुम्हाला सलाईन नको’ असं सांगणाऱ्या डॉक्टरला तपासणी फी तेवढी मिळते. बाटली लावणाऱ्याला फी, बाटली, कुपी, सुई, पलंग सगळ्याचे मिळतात, आणि रुग्ण खूश होऊन जातो. दोष एकट्या डॉक्टरच्या लोभाचा नाही. ‘त्याने नुसत्या गोळ्या लिहून दिल्या’ ही तक्रार करत दुसऱ्या दवाखान्यात जाणारे आपणच असतो.

तोंडाने घेतलेलं काही कमी दर्जाचं, ही समजूत किती चुकीची आहे, हे याच देशात पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध झालं आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून पिंपांतून पाजायला सुरुवात केली. आधी ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. आज पाकिटातून मिळणारं ओआरएस त्याच तत्त्वावर बनतं. कॉलऱ्यासारख्या रोगातसुद्धा ज्याला पिता येतं त्याच्यासाठी आतडं पुरतं, तर दुपारी जेवून, चहा पिऊन दवाखान्यात आलेल्या माणसाच्या आतड्यावर इतका अविश्वास कशासाठी?

जुना थकवा हा थट्टेचा विषय नाही. वर्षानुवर्षं दुखणं सोसणाऱ्याला ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं सांगणारे डॉक्टरच त्याला बाटलीकडे ढकलतात. त्या थकव्यामागे अॅनिमिया असतो, थायरॉइड असतो, काबूत नसलेली साखर असते, घोरण्यातून तुटणारी झोप असते, क्षयरोग असतो, नैराश्य असतं. यांतलं प्रत्येक शोधता येतं आणि पुष्कळसं सरकारी दवाखान्यात, मध्य प्रदेशातल्या सरकारी संजीवनी क्लिनिकमध्येही शोधता येतं. बाटलीमुळे दोन दिवस बरं वाटलं की हा शोध पुढे ढकलला जातो. क्षयाचा माणूस तीन महिने ‘अशक्तपणा’वर सलाईन घेत राहतो आणि तोपर्यंत घरातल्या लहान मुलाला खोकला लागलेला असतो. जीवनसत्त्वाच्या बाटलीचं खरं नुकसान मोजायचं तर ते या वाया गेलेल्या महिन्यांत मोजावं लागेल.

कायदा नाही असं नाही. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या परिशिष्टात ५४ रोगांची यादी आहे. मधुमेह, हृदयविकार, रक्तदाब, संधिवात त्यात आहेत. या रोगांवर औषधाने इलाज होतो अशी जाहिरात करायलाच बंदी आहे. मग ‘ड्रिप’ने मधुमेहाचा थकवा घालवू, सांधे मोकळे करू असं लिहिणारे फलक आणि मोबाइलवरचे व्हिडिओ या कायद्यात का बसू नयेत? अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१८ मध्ये टेक्सासमधल्या ‘आयव्ही बार्स’ या कंपनीवर कारवाई करून, पुराव्याशिवाय कर्करोग, मधुमेह, मल्टिपल स्क्लेरॉसिस यांवर गुण येतो असे दावे करायला मनाई केली. आपल्याकडे दवाखाने आणि नर्सिंग होम यांच्या नोंदणीचे कायदे मध्य प्रदेशात १९७३ पासून आणि महाराष्ट्रात १९४९ पासून आहेत. त्यांखाली एक साधा नियम आणता येईल: शिरेतून जे काही दिलं त्याचं कारण, त्यातल्या प्रत्येक औषधाचं नाव आणि मात्रा, बाटलीचा बॅच नंबर हे सगळं रुग्णाच्या हातात लिहून द्यायचं. कागदावर ‘अशक्तपणा’ एवढंच लिहून भागत नाही म्हटलं, की निम्म्या बाटल्या आपोआप कमी होतील.

तोवर रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनी विचारायचे प्रश्न आहेतच. माझ्यात काय कमी आहे आणि ते कोणत्या तपासणीत दिसलं? तेच तोंडाने का चालणार नाही? मला साखर आहे, रक्तदाब आहे, क्रिएटिनिन वाढलेलं आहे, तरी ही बाटली चालेल का? मोठ्या मात्रेत ‘क’ जीवनसत्त्व देणार असाल तर जी-सिक्स-पीडी तपासलं का? हे विचारणं उद्धटपणा नाही. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं. आणि ज्या घरात कोणी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेत आहे, त्या घराने पुढच्या खेपेला साखरेच्या तपासणीसोबत बी-ट्वेल्व्हही लिहून मागावं. अशा रुग्णांचं बी-ट्वेल्व्ह अधूनमधून तपासावं, असं मधुमेहाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंच सांगतात. ते कमी निघालं, तर उपचार कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये, गोळ्यांच्या पट्टीत मिळतो.